विग ओळखू येतो तो भांगापाशी

सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजारात कृत्रिम धाग्याची चकाकी हा साडीचा गुण मानला जातो. विगमध्ये तीच चकाकी दोष ठरते. कृत्रिम केसांचा विग स्वस्त असतो, दमट हवेतही त्याची ठेवण टिकते, आणि किनारपट्टीवर ही लहान गोष्ट नव्हे. मात्र तंतू मंद झळाळीचे असावेत. साडी पारखताना ती दाराशी उजेडात नेतात, तसाच विगही दिव्याखाली नव्हे, दिवसाउजेडी पाहावा.

खऱ्या केसांचा विग नैसर्गिकच दिसणार, ही समजूत फसवी आहे. विग ओळखू येतो तो कपाळाच्या कडेला आणि भांगापाशी. कपाळावरचे केस मुळात विरळ, किंचित वेडेवाकडे उगवतात. सरळ, दाट रेघ दिसली की नजर तिथेच अडते. म्हणून पुढच्या बाजूस बारीक जाळीवर एकेक केस हाताने गाठलेला विग घ्यावा. दाटपणाही बेताचाच असावा. चाळिशीनंतर कोणाचे केस एवढे घनदाट असतात?

केमोथेरपी घेणाऱ्यांनी वेळ साधणे महत्त्वाचे. काही औषधांनी पहिल्या मात्रेनंतर दोन ते चार आठवड्यांत केस गळू लागतात. रंग आधीच जुळवून ठेवावा. डोक्याचा घेर मात्र केस गेल्यावर पुन्हा मोजावा, तो कमी भरतो. टाळूची त्वचा तेव्हा हळवी असते, म्हणून आतील शिवण बोटांनी चाचपावी. शेवटची कातरणी विग डोक्यावर असतानाच करून घ्यावी. कृत्रिम विग घालून शेगडीवर वाकू नये; उकळत्या भांड्याच्या वाफेनेही तंतू आक्रसतात.