सॅमनच्या शेतीला उवेचे ग्रहण

मुंबईच्या मासळीबाजारात ‘इंडियन सॅमन’ म्हणून ज्याची ओळख करून दिली जाते तो आपला रावस. खऱ्या सॅमनशी त्याचे नाते केवळ नावापुरते. तारांकित हॉटेलांतील सुशीत जो केशरी मांसाचा सॅमन दिसतो तो अटलांटिक महासागरातला, आणि तोही बहुधा मुक्त समुद्रात वाढलेला नसतो. नॉर्वे, चिली किंवा स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगत तरंगत्या पिंजऱ्यांत त्याला पोसलेले असते. एकट्या नॉर्वेत वर्षाकाठी सुमारे १५ लाख टन सॅमन पिकतो. हा आकडा जगातील शेतीच्या अटलांटिक सॅमनच्या निम्म्याच्या आसपास जातो. एवढ्या बलाढ्य उद्योगाला आज जिने जेरीस आणले आहे, ती जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची एक ऊ आहे.

सॅमन जन्मतो नदीच्या तळाशी, खड्यागोट्यांत. काही वर्षे गोड्या पाण्यात काढून तो समुद्राकडे निघतो, आणि तत्पूर्वी त्याच्या शरीरात मोठा पालट घडतो. नदीत असताना अंगातील क्षार बाहेर झिरपत असल्याने कल्ल्यांना ते पाण्यातून ओढून घ्यावे लागतात. समुद्रात नेमके उलटे, जास्तीचे क्षार बाहेर फेकावे लागतात. वसंतातील लांबत जाणारा दिवस हा या पालटाचा संकेत. अंगावरील पट्टे पुसट होतात, खवले चंदेरी होतात, कल्ल्यांतील पेशी नव्या कामाला लागतात. मत्स्यबीज केंद्रात विजेच्या दिव्यांनी दिवस लहानमोठा करून हा वसंत हवा तेव्हा आणता येतो. सॅमनच्या शेतीचे अर्धे शास्त्र येथेच आहे, कारण अपुऱ्या तयारीने समुद्रात सोडलेला मासा तग धरत नाही.

नॉर्वेत या शेतीचा खरा आरंभ १९७० साली हित्रा बेटावर झाला. ओव्ह आणि सिव्हर्ट ग्रोंटव्हेट या भावांनी तरंगत्या पिंजऱ्यात सुमारे २० हजार पिल्ले सोडली आणि ती जगवून दाखवली. त्याच दशकात ट्रिग्वे येद्रेम या शास्त्रज्ञाने सुमारे ४० नद्यांतील सॅमन जमवून निवडक पैदाशीचा पाया घातला. (आपल्याकडील ‘जयंती’ ही रोहूची सुधारित जात भुवनेश्वरच्या संशोधन संस्थेने नॉर्वेच्या शास्त्रज्ञांच्या सहकार्याने याच मार्गाने सिद्ध केली, हे जाता जाता नमूद करायला हवे.)

आजचा पिंजरा म्हणजे जाड प्लास्टिकच्या नळ्यांचे, दीडशे मीटरहून अधिक घेराचे कडे आणि त्याखाली वीस ते पन्नास मीटर खोल लोंबणारे जाळे. एका पिंजऱ्यात जास्तीत जास्त दोन लाख मासे ठेवण्याची नॉर्वेच्या कायद्याने मुभा आहे. शेजारच्या तराफ्यावरून हवेच्या दाबाने नळ्यांतून खाद्य फेकले जाते आणि किनाऱ्यावरील खोलीत बसलेला कर्मचारी पाण्याखालच्या कॅमेऱ्यांतून मासे किती खात आहेत ते पाहत असतो. मात्र या व्यवस्थेची खरी किमया जाळ्याच्या उघडेपणात आहे. प्राणवायू आणून देण्याचे आणि विष्ठा वाहून नेण्याचे काम समुद्राचा प्रवाह फुकट करतो. ज्या छिद्रांतून हा प्रवाह आत येतो, त्यांतूनच ऊही येते.

ही ऊ म्हणजे कीटक नव्हे, तर कोळंबी-खेकड्यांची दूरची भावकी. सॅमनच्या अंगाला चिकटून ती त्याची त्वचा व रक्त खाते. मादी एका वेळी शेकडो अंडी घालते. त्यांतून निघालेली पिल्ले काही दिवस अन्नावाचून प्रवाहाबरोबर तरंगतात आणि कित्येक किलोमीटर दूरच्या माशापर्यंत पोहोचतात. गोड्या पाण्यात मात्र ती टिकत नाही. पूर्वी मोठा सॅमन नदीत शिरला की त्याच्या अंगावरील उवा गळून पडत, आणि हिवाळ्यात किनाऱ्यालगत उवांना यजमान फारसे उरत नसत. पिंजऱ्यांनी तिला बारमाही अन्नछत्र उघडून दिले.

नियमानुसार दर माशामागे प्रौढ मादी उवांची सरासरी ०.५ च्या आत ठेवावी लागते. जंगली सॅमनची पिल्ले नद्यांतून बाहेर पडतात त्या वसंतात ०.२ च्या आत. हे प्रमाण ऐकायला क्षुल्लक वाटते. परंतु पाच पिंजऱ्यांत दहा लाख मासे असतील, तर नियम तंतोतंत पाळूनही दोन लाख माद्या अंडी घालतच राहतात. कायदा माशागणिक मोजतो. खाडीच्या पाण्यात उतरते ती मात्र एकूण संख्या. नुकत्याच समुद्रात आलेल्या वीतभर पिल्लाला दहा-बारा उवाही प्राणघातक ठरू शकतात.

उपाय पुष्कळ झाले. औषधे वापरली, तर उवा त्यांना सरावल्या. उवा टिपून खाणारे लम्पफिशसारखे मासे पिंजऱ्यांत सोडले, तर तेच मोठ्या संख्येने मेले. मग जहाजावर मासे ओढून घेऊन त्यांना सुमारे अर्धा मिनिट २८ ते ३४ अंशांच्या पाण्यातून काढण्याची पद्धत आली. उवा गळतात खऱ्या. पण थंड पाण्यातला हा मासा त्या उष्णतेने तडफडतो, आणि ही वेदनेचीच लक्षणे असल्याचे नॉर्वेतील संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिले. नॉर्वेच्या पशुवैद्यक संस्थेच्या नोंदीनुसार २०२३ मध्ये समुद्रातील पिंजऱ्यांत ६ कोटी २८ लाख सॅमन दगावले, म्हणजे १६.७ टक्के. कल्ल्यांचे विकार आणि इतर रोग ही कारणे आहेतच. पण उवा काढताना झालेल्या इजांचा वाटाही मोठा आहे. दर सहा माशांत एक मरणे कोणत्या पशुपालकाला परवडले असते?

म्हणून आता अभियंत्यांनी ऊ काढण्यापेक्षा ती टाळण्याकडे लक्ष वळवले आहे. उवांची पिल्ले प्रकाशाच्या ओढीने वरच्या थरात राहतात. तेव्हा जाळ्याला वरून जाळीचेच छप्पर घालून मासे खोल ठेवावेत, ही कल्पना पुढे आली. पण सॅमनला वाताशय भरण्यासाठी अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा गिळावी लागते. त्यासाठी छपराच्या मध्यातून वर जाणारी बंदिस्त नळी ठेवली गेली, तर काही ठिकाणी पाण्याखालीच हवेचा घुमट बसवला गेला. कॅमेऱ्याने ऊ ओळखून तिच्यावर लेसर सोडणारी यंत्रेही वापरात आहेत. २०१७ मध्ये ‘ओशन फार्म १’ हा ११० मीटर व्यासाचा, चीनमध्ये बांधलेला पोलादी पिंजरा खुल्या समुद्रात उभा राहिला. पूर्ण बंदिस्त टाक्यांत ऊ जवळजवळ शिरतच नाही. मात्र जे काम समुद्र फुकट करत होता, ते तेथे पंपांना करावे लागते आणि त्याचे बिल येते.

सरकारने २०१७ पासून किनाऱ्याचे १३ विभाग पाडून प्रत्येकाला रंग देण्यास सुरुवात केली. उवांमुळे जंगली पिल्लांचा मृत्यू दहा टक्क्यांच्या आत असेल तर हिरवा, तीसच्या वर गेला तर लाल. हिरव्यात उत्पादन वाढवता येते, लालमध्ये घटवावे लागते. तरीही जून २०२४ मध्ये जंगली सॅमन इतके कमी परतले, की नॉर्वेला ३३ नद्यांत त्यांची मासेमारी ऐन हंगामात थांबवावी लागली. त्याचे सारे खापर पिंजऱ्यांवर फोडता येणार नाही. महासागरातच या माशाचे जगणे अवघड झाले आहे. मात्र महासागर बदलणे नॉर्वेच्या हाती नाही, पिंजरे आहेत.