खांद्यावरील अतिभार

आमच्या संघाच्या सभासदांच्या घरांतून गेल्या काही वर्षांत एक स्वागतार्ह पालट दिसून येत आहे. दुकानाच्या गादीवर सकाळ-संध्याकाळ बसून ज्यांची पोटे सुटली, त्या पिढीची मुले पहाटे उठून व्यायामशाळेत जाऊ लागली आहेत. तालमीतल्या मातीच्या जागी आता लोखंडी दांडे, चकत्या व डंबेल्स यांचा खणखणाट ऐकू येतो, आणि त्यात मुलांबरोबर मुली व सुनाही आहेत. मधुमेह व रक्तदाब यांनी ग्रासलेल्या आमच्या बैठ्या समाजास बळ वाढविणाऱ्या व्यायामाची गरज आहे, याविषयी वैद्यकशास्त्रात आज दुमत नाही. परंतु या पालटाबरोबर एक तक्रारही घरोघर ऐकू येते : खांदा दुखतो. वरच्या फळीवरचे ठाण काढताना हात अडतो, सदरा अंगात घालताना कळ येते, रात्री त्या कुशीवर निजवत नाही. घरातील वडीलधारी म्हणतात, सोड ते लोखंड. व्यायामशाळेतील सोबती म्हणतात, दुखले म्हणजे अंगी लागले, चालू ठेव. आमच्या मते हे दोन्ही सल्ले टाकाऊ आहेत.

खांदा हा शरीरातील सर्वांत मोकळा सांधा होय. मांडीच्या हाडाचे टोक खोल वाटीत बसलेले असते. दंडाच्या हाडाचे टोक मात्र उथळ बशीवर मोसंबे ठेवावे तसे फऱ्याच्या हाडावर टेकलेले असते. म्हणूनच हात सर्व दिशांस फिरतो, आणि म्हणूनच त्याला सावरून धरणारे कोणी तरी लागते. हे काम फऱ्यावरून निघून त्या गोल टोकास वेढणारे चार लहान स्नायू करतात. त्यांच्या कंडरा एकत्र मिळून जणू बाहीच्या टोकाची पट्टी बनते; डॉक्टरमंडळी तिला रोटेटर कफ म्हणतात. छातीचे व दंडाचे मोठे स्नायू वजन ढकलतात, आणि त्या वेळी गोल टोक बशीवरून घसरू नये याची काळजी हे चार लहान स्नायू घेतात. आरशात दिसतात ते मोठे. सराव होतो तोही त्यांचाच.

बिघाड येथेच सुरू होतो. स्नायूंचे बळ काही आठवड्यांत वाढते. कंडरांना रक्ताचा पुरवठा बेताचा असल्याने त्यांना तेवढी मजबुती यावयास महिने लागतात. नव्या उत्साहात मुलगा दर आठवड्याला दांड्यावर चकती चढवतो, स्नायू ती उचलतातही, परंतु कंडरेच्या खात्यावर तेवढी शिल्लक जमा झालेली नसते. व्यापाऱ्यास हे अधिक समजावून सांगावयास नको. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत 'अतिभारारोपण' गणले आहे, म्हणजे मुक्या जनावरावर किंवा आश्रितावर त्याच्या शक्तीपलीकडे ओझे लादणे. स्वतःच्या खांद्याचा विचार सूत्रकारांच्या मनात नसावा. पण शब्द मात्र या दुखण्यास तंतोतंत लागू पडतो.

व्यायामप्रकारांत सर्वाधिक त्रास बेंच प्रेसचा. पाठीवर निजून दांडा छातीपर्यंत खाली आणताना कोपरे खांद्यांच्या रेषेत दोन्हीकडे पसरली, की सांध्याच्या पुढच्या भागावर फार ताण येतो. कोपरे शरीराशी सुमारे ४५ अंशांत आणावीत, मुठींतील अंतर थोडे कमी करावे, फरे मागे ओढून बाकावर घट्ट टेकवावेत. दांड्याऐवजी डंबेल्स घेऊन तळहात समोरासमोर ठेवल्यास कित्येकांचे दुखणे त्याच दिवशी निम्म्यावर येते. मानेच्या मागून दांडा वर ढकलणे अगर खाली ओढणे हे प्रकार दुखऱ्या खांद्याने वर्ज्यच मानावेत. जेवढे ढकलायचे, निदान तेवढे ओढायचे, हा हिशोबही सांभाळावा. आमच्या मुलांचे सोमवार, बुधवार व शुक्रवार छातीसाठी आणि पाठीसाठी उरला तर रविवार, असा प्रकार असतो.

कित्येकदा दुखणे खांद्याच्या अगदी माथ्यावर, हासळीचे हाड जेथे फऱ्यास मिळते तेथे, बोट ठेवून दाखविता येते. हासळीच्या त्या टोकाचा चुरा होत जाण्याचा विकार १९८२ साली काहिल या अमेरिकन शल्यवैद्याने पुरुष खेळाडूंत वर्णिला. ते बहुतेक सर्व वजने उचलणारे होते. यावर पहिला उपाय म्हणजे बेंच प्रेस व डिप्स काही महिने बाजूस ठेवणे.

आता उपचाराकडे वळू. खांदा गळ्यात बांधून स्वस्थ बसू नये. ज्या हालचालीने कळ येते तीतील वजन निम्मे करावे, किंवा ती तात्पुरती बदलावी. पाय, पाठ व पोट यांचा व्यायाम चालूच ठेवावा. दहापैकी दोन-तीन इतपत दुखले आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत झाले, तर तेवढे वजन झेपले असे समजावे. सकाळी अधिक दुखू लागल्यास एक पायरी खाली यावे. याच्या जोडीला रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून, कोपर बगलेशी ठेवून, हात बाहेरच्या बाजूस वळविण्याचा व्यायाम एक दिवसाआड करावा. तो इतका किरकोळ दिसतो की तरुणांना त्याची लाज वाटते. पण त्या चार लहान स्नायूंचा रियाज तोच. साधारण बारा आठवडे धीर धरावा लागतो. जुन्या तालमीत हलके मुद्गल फिरविण्यावर जो भर असे, त्याचे मर्म आम्हांस येथे उमगते. वडोदऱ्याचे प्रो. माणिकराव व्यायामगुरू तर होतेच, पण निखळलेली हाडे बसविण्यातही त्यांची ख्याती होती. शिष्याचा खांदा बनविणारा आणि बिघडल्यास सुधारणारा एकच असे. आजच्या व्यायामशाळेत ही दोन कामे विभागली आहेत. म्हणून दोन-तीन आठवड्यांत उतार न पडल्यास फिजिओथेरपिस्टकडे जाण्यात संकोच करू नये.

पैसा हाताशी असलेल्या घरांत यापुढचा धोका संभवतो. लगेच एम. आर. आय. काढला जातो, त्यात कंडरा विरल्याचे दिसते आणि घर हादरते. परंतु चाळिशी-पन्नाशीनंतर न दुखणाऱ्या खांद्यांतही अशा गोष्टी आढळतात. केसांच्या पांढरेपणाइतक्याच त्या साध्या असू शकतात. फऱ्याचे वरचे हाड कंडरेवर घासते म्हणून दुखते, असा सिद्धांत अमेरिकेतील डॉ. नीअर यांनी १९७२ साली मांडला आणि ते हाड तासण्याची शस्त्रक्रिया जगभर रूढ झाली. पुढे ब्रिटनमध्ये तीन महिन्यांहून अधिक काळ खांदा दुखणाऱ्या ३१३ रुग्णांवर तिची परीक्षा झाली : काहींचे हाड तासले, काहींच्या सांध्यात केवळ दुर्बीण घालून पाहिले, काहींना काहीच केले नाही. २०१८ सालच्या 'लॅन्सेट'मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की तासलेल्यांत व नुसत्या पाहिलेल्यांत फरक नव्हता, आणि काहीच न केलेल्यांहून दोहोंचा लाभ व्यवहारात जाणवण्याइतका नव्हता. ते रुग्ण व्यायामपटू म्हणून निवडलेले नव्हते, हे खरे. तरी अशा शस्त्रक्रियेस होकार देण्यापूर्वी दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यावे. स्टिरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे आराम पडतो, मूळ कारण मात्र तसेच राहते. आणि मधुमेह्याची साखर त्याने काही दिवस वाढते, हे आधीच ठाऊक असावे.

वेदनाशामक गोळ्यांविषयी आमच्या समाजास वेगळे सांगणे भाग आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या रिकाम्या पोटी जठरास अपाय करतात, आणि शरीरात पाणी कमी असता मूत्रपिंडास. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात उपवास करणाऱ्याने, विशेषतः निर्जल उपवासात, त्या पारण्यापूर्वी घेऊ नयेत. त्या दिवसांत जड वजनेही उचलू नयेत. तसेच व्यायामशाळेतून 'सांध्यांसाठी' म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांकडे डोळसपणे पाहावे. ग्लुकोसामाइन बहुधा खेकडे व कोळंबी यांच्या कवचांपासून काढतात, कोलॅजेन जनावरांच्या वा माशांच्या कातड्या-हाडांपासून, आणि नेहमीच्या कॅप्सूलचे जिलेटिनी आवरणही तसेच. औषध म्हणून विकलेल्या पाकिटावर हिरवा ठिपका असेलच असे नाही. या वस्तूंनी असा खांदा बरा होतो, हे सिद्धही झालेले नाही.

प्रत्येक दुखणे वजनांचेच असते असेही नव्हे. चाळिशी-साठीच्या दरम्यान, विशेषतः मधुमेह्यांत, खांदा आखडून जातो. बॉस्टनच्या डॉ. कॉडमन यांनी १९३४ साली यास 'फ्रोजन शोल्डर' हे नाव दिले. ओळख सोपी आहे : कोपर बगलेशी ठेवून दुसऱ्याने हात बाहेर वळवू पाहिला तरी तो वळत नाही. हे दुखणे वर्ष-दोन वर्षे रेंगाळते, आणि जोर लावून ते मोडू पाहणे घातक ठरते. झटका बसून हात उचलेनासा झाला, खांदा निखळला, ताप येऊन सांधा सुजला, किंवा बोटे बधिर होऊ लागली, तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हात हलविल्याने न वाढणारी, जिना चढताना येणारी, छातीत दडपण किंवा घाम यांच्यासह असणारी कळ हृदयाची असू शकते. तेथे व्यायामशाळेला दोष देत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे.

शेवटी आमच्याच गोदामांतील एका खांद्याविषयी. व्यायामशाळेतील तरुण आपले वजन आपण निवडतो आणि दुखले तर कमी करतो. रविवार पेठेतील हमालास ही मुभा नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने हातांनी वाहण्याच्या ओझ्याची मर्यादा ५५ किलो सुचविली. पूर्वीचे क्विंटलचे पोते जाऊन आता बहुधा ५० किलोचे आले आहे, म्हणजे ओझे जेमतेम मर्यादेत आले. पण ते दिवसातून कितीदा उचलायचे, यावर मर्यादा कोणी घातलेली आढळत नाही. सूत्रातील 'आश्रित' तो हाच. दोनचाकी ढकलगाडी, छातीहून उंच न रचलेली थप्पी आणि वरच्या थरासाठी दोन माणसे, एवढ्याने बराच भार उतरतो. त्याचा खांदा दुखू लागला तर त्यालाही बारा आठवडे लागतात. तेवढ्या मुदतीत त्याला तोलाईच्या किंवा पोती शिवण्याच्या कामावर बसवून रोजी पूर्ण देणे आमच्या कोणत्याही पेढीस जड जाऊ नये.