पिळातली अक्कल

वसतिगृहाच्या खोलीत पलंग, टेबल आणि कपाटाबरोबर भिंतीतलं एक चौकोनी भोकही आपल्या वाट्याला येतं. हे लॅन पोर्ट. 1990च्या दशकात अमेरिकेतली विद्यापीठं वसतिगृहांत तारा टाकत होती, तेव्हा तिथे ‘उशीगणिक एक पोर्ट’ असा हिशेब असे. खोलीत दोघं राहणार असतील, तर भोकंही दोन.

या भोकातून नेट घ्यायला लागणारं सामान मूठभर असतं. संगणकात इथरनेट कार्ड हवं. सडपातळ लॅपटॉपांना ते जोडायची जागाच नसते, त्यांना यूएसबीचा अडॅप्टर घ्यावा लागतो. कार्डाला कंपनीने 48 बिटांचा मॅक पत्ता दिलेला असतो. त्याचा पहिला अर्धा भाग सहसा कंपनी कोणती ते सांगतो. बऱ्याच कॅम्पसांत हा पत्ता आधी नोंदवावा लागतो. घरचा राऊटर मात्र बहुतेक ठिकाणी चालत नाही आणि मला तो नियम पटतो. उलट्या बाजूने जोडलेला राऊटर शेजारच्या खोल्यांनाही आपलेच आयपी पत्ते वाटत सुटतो आणि अख्ख्या मजल्याचं नेट बसतं.

उरली केबल. दिसायला सगळ्यात गावठी, पण खरं डोकं तिच्यात आहे. वरचं आवरण सोललं की आत आठ तारा निघतात, दोन-दोनच्या चार जोड्यांत पीळ घातलेल्या. ही युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची. टेलिफोनच्या तारांत शेजारच्या तारांची खरखर शिरे, म्हणून त्यांनी 1881मध्ये जोडतारांना पीळ देण्याचं पेटंट घेतलं.

जोडीतल्या दोन्ही तारांतून एकच संदेश उलट-सुलट जातो आणि पलीकडचं कार्ड दोहोंतला फरक तेवढा वाचतं. बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडला, तर वजाबाकीत तो आपोआप उडतो. पण सारखा पडायचा कसा? त्यासाठीच पीळ. फुगडी घालणाऱ्या दोघींपैकी क्षणात एक भिंतीकडे असते, क्षणात दुसरी. तशा या तारा आळीपाळीने गोंगाटाच्या जवळ येतात. शिवाय चारही जोड्यांचा पीळ कमी-जास्त ठेवलेला असतो, म्हणजे शेजारणींचं एकमेकींत फार मिसळत नाही. एवढ्या बळावर तांब्याची साधी केबल 100 मीटरपर्यंत सेकंदाला एक गिगाबिट वाहून नेते.

आता वसतिगृहात हमखास होणारी चूक. बाजारातून मोकळी केबल आणि प्लग आणून कुणी स्वतःच क्रिम्पिंग करतो, म्हणजे तारांवर प्लग दाबून बसवतो. जोड्या डोळ्याला नीटस दिसाव्यात म्हणून त्या प्लगच्या आठ खाचांत शेजारी-शेजारी लावतो: 1-2, 3-4, 5-6, 7-8. केबल तपासायच्या टेस्टरचे आठही दिवे लागतात. तरी नेट रडतखडत चालतं, कधी चालतच नाही. कारण कार्ड 3 आणि 6 क्रमांकांना एक जोडी समजतं. मधल्या 4-5वर निळी जोडी असते, कारण टेलिफोनच्या प्लगमध्ये मधल्या दोन तारा फोनच्या असत आणि ती जागा तशीच राखली गेली. त्यामुळे 3-6च्या हिरव्या जोडीला निळीच्या दोन्ही अंगांना फाकून उभं राहावं लागतं. हौशी कारागिराच्या केबलीत 3 आणि 6 या वेगवेगळ्या पिळांतल्या तारा असतात. वजाबाकी करायला जोडीदारच समोर नाही. टेस्टर बिचारा वीज पोचते की नाही एवढंच पाहतो, पीळ त्याला दिसत नाही.

अशी केबल फेकायची गरज नसते. दोन्ही टोकांचे प्लग कापायचे आणि तारा नव्याने ओवायच्या: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ मात्र प्लगच्या तोंडाशी 13 मिलिमीटरहून जास्त उकलू द्यायचा नाही.