आधी कॉट, मग करंडक

जून उजाडला की पुण्यात सदाशिव-नारायण पेठेतल्या विजेच्या खांबांवर चिठ्ठ्या लागतात. 'मुलांसाठी कॉट बेसिसवर जागा', 'घरगुती डबा मिळेल', आणि खाली फोन नंबराच्या झालरीसारख्या कापलेल्या पट्ट्या. एकेक फाडून न्यायची. लातूर, नंदुरबार, गडचिरोलीकडून आलेला मुलगा कॉलेजचं ओळखपत्र हाती पडायच्या आधी अशा तीन-चार पट्ट्या खिशात घालून उन्हात हिंडत असतो. कॉट म्हणजे खोली नव्हे. खोलीतल्या चार-पाच लोखंडी खाटांपैकी एक, तिच्याखाली ट्रंक सरकवण्यापुरती जागा आणि भिंतीत एक खिळा. एवढं मिळालं की मुलगा घरी फोन करून सांगतो, "सोय झाली."

या मुलासाठी विद्यापीठात एक स्वतंत्र विभाग असतो. त्याच्या वार्षिक अहवालात युवक महोत्सव असतो, कार्यशाळा असतात, करंडक उंचावलेल्या मुलांचे फोटो असतात. खाट बहुधा नसते.

महाराष्ट्रात या विभागाचं नाव विद्यार्थी विकास मंडळ. १९९४ च्या विद्यापीठ कायद्यात तो 'विद्यार्थी कल्याण मंडळ' होता. १ मार्च २०१७ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने कल्याण काढून विकास बसवला. विद्यापीठात संचालक आणि प्रत्येक संलग्न महाविद्यालयात एक विद्यार्थी विकास अधिकारी अशी ही रचना. हा अधिकारी म्हणजे कोण? तर आठवड्याचे तास घेऊन, पेपर तपासून, प्रवेश समितीत बसून उरलेल्या वेळात हे काम करणारा एखादा प्राध्यापक. तालुक्याच्या एका कॉलेजात काही वर्षं तो मी होतो.

कामाचं वेळापत्रक ठरलेलं. निर्भय कन्या अभियान, व्यक्तिमत्त्व विकास शिबिर, कमवा आणि शिका, सांस्कृतिक स्पर्धा. प्रत्येकाचं अनुदान ठरलेलं आणि अनुदानामागचे कागदही. हजेरीपट, व्हाउचर, उपयोगिता प्रमाणपत्र, बातमीचं कात्रण, चार फोटो. फोटोत बॅनर पूर्ण आला पाहिजे, ही सूचना मी स्वतः शिपाईमामांना इतक्यांदा दिली आहे की शेवटी ते पाहुण्यांनाच डावीकडे सरकायला सांगू लागले होते.

एका जानेवारीत आमच्याकडे 'ताणमुक्त जीवन' या विषयावर व्याख्यान झालं. हजेरीपटावर शंभरावर सह्या. दोन दिवसांनी दुसऱ्या वर्षाची एक मुलगी टी.सी.चा अर्ज घेऊन आली. वडिलांची उसाची उचल अडकली होती, मेसवाल्या मावशींचं तीन महिन्यांचं देणं थकलं होतं. शिष्यवृत्ती मंजूर होती, पैसे खात्यात आले नव्हते. मी हजेरीपट काढून पाहिला. तिची सही होती, चौथ्या पानावर, नीटनेटकी. व्याख्यानाच्या चहा-बिस्किटांना आणि बॅनरला लागलेला खर्च तिच्या मेसच्या थकबाकीहून जास्त होता. पण तो पैसा त्या शीर्षाखालीच खर्चायचा होता.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. या विभागाच्या कामाचा क्रम उलटा लागला आहे. पोरगं टिकतं कशावर, तिथून सुरुवात हवी. छप्पर, डबा, हाताला थोडं काम, ऐकून घेणारं माणूस. करंडक त्यानंतर.

हे काही नवं नाही. आपल्याकडे बहुजनांचं शिक्षण वर्गाइतकंच पंगतीतही घडलं. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगला हात दिला आणि पुढच्या वीसेक वर्षांत त्या एका शहरात जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग आलं. शाळा होत्याच, पण गावाकडचं पोर शाळेपर्यंत पोचून झोपणार कुठे, हा पेच महाराजांनी आधी सोडवला. रयत शिक्षण संस्थेचे संस्थापक भाऊराव पाटील याच कोल्हापुरात जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. मिस क्लार्कच्या कार्यक्रमाला जाऊन आल्यावर शुद्धीसाठी आंघोळ करायला त्यांनी नकार दिला आणि त्यांना ते वसतिगृह सोडावं लागलं. पुढे १९२४ मध्ये त्यांनी साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका पंक्तीला बसवणारं वसतिगृह काढलं. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचं नाव मिळालं. मुलांच्या शिध्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, ही हकीकत रयतच्या प्रत्येक शाळेत सांगितली जाते. तिच्यातला हिशेब मात्र कुणी बोलून दाखवत नाही. दागिना मोडला तो इमारतीसाठी नव्हे, त्या आठवड्याच्या धान्यासाठी. मदत किती, याइतकंच मदत कधी, यालाही मोल आहे, हे त्या बाईला कळलं होतं.

आज सरकारी योजना कमी नाहीत. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आहे. पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी तिची वार्षिक रक्कम ६० हजार ठरली, त्यात भोजनाचे ३२ हजार, निवासाचे २० हजार, निर्वाहाचे ८ हजार. निवासाच्या रकमेला बारांनी भागलं तर महिन्याला १,७०० रुपयेसुद्धा पडत नाहीत. त्यात पुण्यात काय मिळतं, हे खांबावरची एखादी पट्टी फाडून, फोन करून बघावं. आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी २०२४-२५ पासून पूर्ण माफ झाली. निर्णय चांगलाच. पण फी माफ होते, मेस माफ होत नाही. आणि मेसचं बिल एक तारखेला येतं. शिष्यवृत्ती येते तिच्या मर्जीने.

कारण मधे महाडीबीटी हे शिष्यवृत्तीच्या अर्जांचं सरकारी पोर्टल आहे. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून, जात वैधता समितीकडून, आधार एका खात्याला जोडलेलं तर मोबाइल नंबर भावाच्या नावावर. अर्ज कॉलेजच्या लॉगिनला अडकतो आणि तिथला क्लार्क परीक्षेच्या ड्यूटीवर असतो. अशा वेळी विभागाने करायचं काम अगदी साधं आहे. जुलै ते सप्टेंबर एक टेबल मांडा, त्यावर स्कॅनर आणि एक जाणता माणूस बसवा, अर्ज तिथेच भरून घ्या. शिवाय हाताशी थोडी उचल ठेवा, बिनव्याजी, प्राचार्यांच्या एका सहीवर त्याच दिवशी देता येईल अशी, शिष्यवृत्ती आली की परत घ्यायची. त्या मुलीला दान नको होतं. तिला मार्चपर्यंत तगायचं होतं.

कमवा आणि शिका ही तर आपली घरची योजना. भाऊरावांनी १९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं ते याच तत्त्वावर. शिवाजी विद्यापीठाचे पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार यांनीही ती कोल्हापुरात रुजवली. आज बहुतेक विद्यापीठांत ती आहे. बागेत पाणी घालणं, ग्रंथालयात पुस्तकं लावणं, कार्यालयात फाइली चढवणं, तासावर मानधन. काम हलकं-भारी असं मी मानत नाही. पण तिसऱ्या वर्षाच्या संगणकशास्त्राच्या मुलाला वर्षभर कुंड्याच उचलायला लावल्या तर त्यात शिका कुठे? त्याला प्रयोगशाळेत बसवा, पहिल्या वर्षाच्या मुलांचं गणित घ्यायला लावा. आणि मानधन महिन्याच्या महिन्याला द्या. दोन सत्रांचं एकदम दिलं तर पासबुकात आकडा मोठा दिसतो, पण तोवर पोराने डबा एक वेळचा केलेला असतो.

आता मनाचं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतले १,७६४ महाराष्ट्रातले, म्हणजे सर्वाधिक आपल्याकडे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेला किमान एक पात्र समुपदेशक नेमायला किंवा जोडून घ्यायला सांगितलं. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक चोवीस तास चालू असतो. हे सगळं हवंच. पण समुपदेशन कक्ष प्राचार्यांच्या केबिनशेजारी असेल आणि त्यावर ठळक पाटी असेल, तर पायरी चढणार कोण? माझा अनुभव असा की मुलाचं काहीतरी बिनसलंय हे पहिल्यांदा मेसच्या मावशींना कळतं. "तो जेवण अर्धं टाकतोय, सर." मग वॉचमनला, की हा रात्री दोनला गच्चीवर दिसतो. मग ग्रंथालयातल्या माणसाला. प्राध्यापकांना सगळ्यात शेवटी, गैरहजेरीच्या यादीवरून. दोन दिवसांचं प्रशिक्षण द्यायचं तर ते आधी या तिघांना द्यावं. त्यांचा पगार बहुधा कंत्राटदाराकडून येतो, म्हणून कुठल्याच कार्यशाळेच्या यादीत त्यांचं नाव नसतं.

तक्रारीची व्यवस्था कागदावर भरभक्कम आहे. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्राने १९९९ मध्येच केला, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांच्या दहा वर्षं आधी. आयोगाच्या २०२३ च्या नियमांत तक्रार निवारण समिती आणि लोकपाल आहेत. विद्यार्थ्यांचा स्वतःचा आवाज तेवढा राहून गेला. १९९४ च्या कायद्याने खुल्या निवडणुका बंद झाल्या आणि गुणवत्ता यादीतून प्रतिनिधी येऊ लागले. नव्या कायद्याने निवडणुका परत आणल्या, २०१९ मध्ये त्यांची तयारीही झाली आणि विधानसभा निवडणुकीचं कारण देऊन त्या पुढे ढकलल्या गेल्या. मग करोना आला. निवडणुकीत राडा होतो हे खरं. पण मेसच्या पोळीबद्दल भांडायला विद्यापीठात पहिला आलेला मुलगा धाडणं हाही विनोदच.

महोत्सवांवर माझा राग नाही, उगाच गैरसमज नको. लावणीच्या नऊवाऱ्या आणि ढोलकी एसटीच्या टपावर बांधून मी जिल्ह्याला गेलो आहे. 'इंद्रधनुष्य' या आंतरविद्यापीठ युवक महोत्सवाच्या मंचावर पहिल्यांदा माइक हातात धरणाऱ्या मुलाचे थरथरते गुडघे आणि पाच मिनिटांनंतरचा त्याचा चेहरा मी पाहिला आहे. ते कुठल्याही शिबिरात होत नाही. फक्त तालमीला संध्याकाळी कोण येऊ शकत नाही, हे एकदा मोजून बघावं. जो त्या वेळी हॉटेलात ताटं वाढत असतो तो. आमच्या एकांकिकेतला सगळ्यात चांगला नट असाच गेला. सातनंतर त्याची पाळी असायची. मग आम्ही तालीम सकाळी साडेसहाला ठेवली आणि चहा मी आणायचो.

शेवटच्या दोन वर्षांत मी अहवालाच्या फाइलीबरोबर एक शंभरपानी वही ठेवली. सलग दहा दिवस वर्गात न दिसलेल्या मुलांची नावं, पुढे फोन केल्याची तारीख, त्यापुढे कारण. आजी वारली. बहिणीचं लग्न. कांदा काढणी. डेंग्यू. रूम सोडली. पुन्हा रूम सोडली. विद्यापीठाच्या तपासणी समितीने ती वही चाळली आणि विचारलं, ही कुठल्या योजनेत बसते? मी म्हणालो, कुठल्याच नाही. त्यांनी ती बाजूला ठेवली आणि फोटोंचा अल्बम मागितला.