सार्वजनिक पाणवठा आणि संगणक

गरीब देशांची नावे दर पिढीला बदलतात. पूर्वी त्यांना मागासलेले म्हणत. पुढे विकसनशील म्हणू लागले. आता 'उभरत्या अर्थव्यवस्था' असा भारदस्त शब्द आला आहे. नाव बदलल्याने स्थिती बदलत नाही, हे आपल्याला कुणी शिकवण्याची गरज नाही; आपलीही नावे इतरांनी अशीच बदलून पाहिली आहेत. परंतु ह्या देशांमध्ये आज संगणकाच्या क्षेत्रात जे सहकार्य चालले आहे, त्याकडे केवळ शब्दांचा खेळ म्हणून दुर्लक्ष करणे आपल्याला परवडणारे नाही. कारण त्या सहकार्याचे एक टोक दिल्लीच्या परिषदेत असले, तरी दुसरे टोक पेणच्या रेशन दुकानात आणि रोह्याच्या बाजारात आहे.

मी पेण आणि रोहा ह्या दोन तालुक्यांत, वस्त्यांवर आणि वाड्यांवर, लोकांचे अर्ज लिहून देण्याचे काम करतो. पूर्वी ह्या कामाला शाई, कागद आणि तिकीट लागे. आता फोन, आधार क्रमांक आणि ओटीपी लागतो. त्यामुळे हा विषय मला आधी पुस्तकांतून नव्हे, तर लोकांच्या बोटांतून कळला.

प्रथम हे सहकार्य म्हणजे काय ते समजून घेऊ. १९५५ साली बांडुंग येथे आशिया आणि आफ्रिकेतील देश एकत्र आले, तेव्हापासून परस्परांना मदत करण्याची भाषा सुरू आहे. भारताने १९६४ मध्ये इतर देशांतील लोकांना तांत्रिक शिक्षण देण्याची योजना सुरू केली. १९७८ मध्ये ब्वेनोस आयरेस येथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेत विकसनशील देशांच्या तांत्रिक सहकार्याचा आराखडा मंजूर झाला. योगायोग असा की त्याच वर्षी आय.बी.एम. ही अमेरिकन कंपनी भारतातून निघून गेली आणि आपल्या संगणकांची देखभाल आपणच करण्याची वेळ आली. ब्राझीलने १९८४ मध्ये कायदा करून आपला संगणक उद्योग परदेशी कंपन्यांपासून राखून ठेवला. दोघेही स्वावलंबनाची धडपड करीत होते, परंतु एकमेकांपासून दूर राहून.

आज चित्र बदलले आहे. आता एक देश दुसऱ्याला यंत्र देत नाही, तर यंत्र चालविण्याची रीत देतो. फोनवरून पैसे देण्याची व्यवस्था घ्या. केनियात २००७ मध्ये एम-पेसा सुरू झाले. तेथे एका फोन कंपनीने बँकेत खाते नसलेल्या माणसालाही पैसे पाठवता येतील अशी सोय केली. भारतात रिझर्व्ह बँक आणि बँकांची संघटना यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन स्थापन झाले व त्याने २०१६ मध्ये यूपीआय आणले. ब्राझीलच्या मध्यवर्ती बँकेने नोव्हेंबर २०२० मध्ये पिक्स सुरू केले. यूपीआयची रीत जुलै २०२१ मध्ये भूतानने स्वीकारली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रीलंका व मॉरिशस येथे ती सुरू झाली. ओळखपत्राच्या बाबतीतही तसेच. बंगलोरच्या एका शिक्षणसंस्थेत २०१८ मध्ये मोसिप नावाची संगणकप्रणाली तयार करण्याचे काम सुरू झाले. कोणत्याही देशाने ती फुकट घ्यावी आणि आपली ओळखपत्र-योजना तिच्यावर उभारावी, अशी ती आहे. मोरोक्को, फिलिपीन्स, इथिओपिया ह्या देशांनी ती घेतली. २०२३ मध्ये दिल्लीत जी-२० परिषद झाली, तेव्हा ह्या सगळ्याला एक सामाईक नाव मिळाले: डिजिटल सार्वजनिक पायाभूत सुविधा.

ह्या लांबलचक नावातील 'सार्वजनिक' हा शब्द मला थांबवतो. हा शब्द आपल्या जिल्ह्याने फार जवळून पाहिला आहे. १९२३ साली मुंबई कायदे मंडळात सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचा ठराव केला. कागदावर तळे सार्वजनिक झाले. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत, बाबासाहेब हजारो माणसांसह त्या तळ्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत, आपल्यापैकी कुणाला त्याचे पाणी मिळाले नाही. पाणी घेतल्यावर डोकी फुटली ती वेगळीच. जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते, १९८१ पासून ते रायगड आहे. पण धडा जुना झालेला नाही. सुविधा सार्वजनिक आहे असे जाहीर होणे ही एक गोष्ट आणि ती सर्वांच्या हाती पोचणे ही दुसरी. ह्या दोहोंमधल्या अंतरात जात, गरिबी आणि सत्ता बसलेली असते.

आता हे अंतर आपल्याकडे कसे दिसते ते सांगतो. पहिले आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली ह्या आदिवासी गावात देण्यात आले. सर्वांत वंचित माणसाला ओळख देण्यासाठी ही योजना आहे, असा त्याचा अर्थ होता. योजनेचे काम समजायला सोपे आहे. आपल्या बोटांचे ठसे आणि डोळ्यांच्या बाहुलीभोवतीच्या पडद्याचे चित्र एका मध्यवर्ती संगणकात साठवलेले असते. रेशन दुकानातील मशीन बोटाचा ठसा घेते, तो तिकडे पाठवते आणि 'होय' किंवा 'नाही' एवढेच उत्तर येते. मशीन माणसाला ओळखत नाही; ते आजची रेघ जुन्या रेघेशी ताडून पाहते.

परंतु रेघ झिजते. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मातीत आणि प्लास्टरमध्ये हात घालणारी बाई, वीटभट्टीवर पावसाळा संपल्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत राबणारे कातकरी कुटुंब, रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यांत कंत्राटावर ड्रम उचलणारा मजूर, यांच्या बोटांवरच्या रेघा कामाने पुसट होतात. टेबलाशी बसून काम करणाऱ्याचा ठसा एका झटक्यात जुळतो. ज्याचे हात जास्त राबतात त्याचा जुळत नाही. एका दुकानात तीन वेळा बोट लावून परत आलेल्या एका म्हातारीने मला विचारले, "अंगठा माजाच हाय ना? मग मशीन नाय कशाला बोलते?" मी तिला मध्यवर्ती संगणकाचे काम समजावून सांगितले. पण तिचा प्रश्न तांत्रिक नव्हता. मी आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार कुणाला, असे ती विचारीत होती. हा प्रश्न आपल्या समाजाने शतकानुशतके विचारला आहे.

हे केवळ गैरसोयीचे दुखणे नाही. २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात अकरा वर्षांची मुलगी मरण पावली. आधारशी जोडले नाही म्हणून रेशनकार्ड रद्द झाले आणि मुलगी भुकेने गेली, असे घरच्यांनी सांगितले. सरकारने तापाचे कारण दिले. त्यानंतर केंद्र सरकारने आदेश काढला की आधार नाही किंवा ठसा जुळत नाही म्हणून कुणाचे धान्य नाकारू नये. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधार योजना वैध ठरवली, पण ठसा जुळला नाही तर दुसऱ्या मार्गाने ओळख पटवून लाभ द्यावा हेही बजावले. वाड्यांवर हे किती जणांना ठाऊक आहे? यंत्राची रीत देशोदेशी पोचली. पण यंत्र चुकले तर काय करायचे, ही रीत शेजारच्या वाडीत पोचली नाही.

दुसरे अंतर मध्यस्थाचे आहे. कुलाबा जिल्ह्याला मध्यस्थ म्हणजे काय हे सांगायला नको. खोत सरकार आणि कुळ यांच्यामध्ये उभा असे. जमीन कसणारा एक आणि पीक उचलणारा दुसरा. त्याविरुद्ध अलिबागजवळ चरी येथे १९३३ ते १९३९ असा शेतकऱ्यांचा संप चालला. बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक कायदे मंडळात मांडले आणि १९४९ मध्ये खोती निर्मूलनाचा कायदा झाला. आता यूपीआय पाहा. रस्ता सार्वजनिक आहे. परंतु त्यावरून होणाऱ्या व्यवहारांपैकी सुमारे चार-पंचमांश व्यवहार फोनपे आणि गुगल पे ह्या दोनच अ‍ॅपवरून होतात. एकाची मुख्य मालकी वॉलमार्टची, दुसरे गुगलचे, दोन्ही अमेरिकन. कोणत्याही एका अ‍ॅपचा वाटा ३० टक्क्यांहून जास्त असू नये, असे २०२० मध्ये ठरले; मुदत मात्र पुढे ढकलली गेली. बाबासाहेबांची आठवण म्हणून भीम हे नाव दिलेले सरकारी अ‍ॅप ३० डिसेंबर २०१६ रोजी आले, ते ह्या दोघांच्या फार मागे राहिले. नाव आमचे आणि वहिवाट दुसऱ्याची, हा प्रकारही जुनाच.

येथे ब्राझीलकडून शिकण्यासारखे आहे. तेथे मध्यवर्ती बँक पिक्स स्वतः चालवते, मोठ्या बँकांना त्यात सामील होणे तिने सक्तीचे केले आहे आणि लोक आपापल्या बँकेच्याच अ‍ॅपवरून पैसे पाठवू शकतात. सहकार्य म्हणजे आपण जगाला दिले, एवढाच हिशेब नव्हे. जगाकडून काय घेतले, हेही त्यात आले पाहिजे. मोसिपच्या उभारणीतही गेट्स फाउंडेशनसारख्या धनवंत संस्थांचा पैसा आहे. म्हणून ते वाईट ठरत नाही. परंतु गरीब देशांच्या सहकार्यात पैसा कुणाचा आणि अटी कुणाच्या, हे विचारणे गैर नाही.

हा प्रश्न आधीही विचारला गेला आहे. रोह्यात ज्यांचे बालपण गेले ते चिंतामणराव देशमुख १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या परिषदेत हिंदी शिष्टमंडळात होते. त्या वेळी ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर होते, पण देश पारतंत्र्यात होता. इंग्लंडकडे अडकून पडलेल्या आपल्या स्टर्लिंगचा प्रश्न शिष्टमंडळाने मांडला. परिषदेने तो हाती घेतला नाही. जगाच्या पैशाचे नियम तेव्हा थोड्या देशांनी लिहिले. आज संगणकाचे नियम लिहिले जात आहेत आणि आपला देश लिहिणाऱ्यांत बसला आहे. ही मोठी गोष्ट आहे, मी ती लहान करीत नाही. मात्र तेथे देशाच्या वतीने बोलणाऱ्यांत वीटभट्टीवरच्या माणसाचा अनुभव कुणी नेतो काय, हे मला पाहायचे आहे. राजकीय समता आली तरी सामाजिक विषमता उरली तर ती समता पोकळ राहील, हा इशारा बाबासाहेबांनी घटना समितीत १९४९ मध्ये दिला होता. देशादेशांतील समतेलाही तो लागू पडतो.

मला ह्या सहकार्याची दुसरीही बाजू दिसते आणि ती आशेची आहे. २०१८ च्या आधार निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी वेगळे मत दिले आणि योजना घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे ते अल्पमत राहिले. परंतु एप्रिल २०१९ मध्ये जमैकाच्या न्यायालयाने त्यांच्या देशाचा सक्तीच्या ओळखपत्राचा कायदा रद्द केला, तेव्हा ह्याच अल्पमताचा आधार घेतला. केनियात अशाच योजनेविरुद्ध जे न्यायालयात गेले, त्यांत नुबियन समाजाची संघटना होती. इंग्रजांनी सुदानी सैनिक म्हणून आणलेल्या लोकांचे हे वंशज. ओळखपत्र मागायला गेले की त्यांना वेगळ्या चौकशीला उभे राहावे लागे. जानेवारी २०२० मध्ये तेथील न्यायालयाने पुरेसा कायदा केल्याशिवाय योजना पुढे नेऊ नये, असा निर्णय दिला. म्हणजे यंत्र जसे एका देशातून दुसऱ्या देशात जाते, तसा प्रतिकारही जातो. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तेव्हा तिचे नाव अमेरिकेतील काळ्या माणसांच्या लढ्यातून आले होते. त्यासाठी कोणत्या सरकारने करार केला नव्हता.

तेव्हा आपले काम काय? संगणकावर बहिष्कार घालणे हे आपले काम नाही. शिष्यवृत्ती थेट खात्यात आली, मधला कारकून टळला, हा फायदा मी डोळ्यांनी पाहिला आहे. बाबासाहेबांनी तळे बुजवा असे म्हटले नाही. तळे सर्वांचे आहे हे कृतीने सिद्ध करा असे सांगितले. आपणही तेच करावे. प्रत्येक वाडीत दोन तरुण-तरुणी अशा असाव्यात, की ठसा जुळला नाही तर ओटीपी, डोळ्यांची तपासणी किंवा दुसरा पुरावा मागता येतो हे ज्यांना ठाऊक आहे. धान्य नाकारले तर तारीख, दुकान आणि कारण वहीत लिहून तहसीलदाराकडे लेखी तक्रार द्यावी. अशा नोंदी तालुक्यातालुक्यांत साठल्या, म्हणजे त्या जमैकाच्या आणि केनियाच्या माणसालाही उपयोगी पडतील. आपल्या दुखण्याची नोंद आपण ठेवली नाही, तर यंत्राची नोंद तेवढी खरी ठरेल.