सही मुलाची, खुबा आईचा

खुब्याचं हाड मोडलं की शस्त्रक्रिया त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्हावी, असं ब्रिटनमधल्या ‘नाइस’ संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. म्हणजे विचाराला वेळ थोडा. त्यात रुग्ण ऐंशीच्या घरातला, वेदनेने आणि औषधांनी गुंगलेला. आपल्याकडे मग कागद थेट मुलापुढे सरकतो.

कायद्याला हे चालत नाही. समजून निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढाची संमती त्याचीच लागते. समीरा कोहली खटल्यात रुग्ण भुलेखाली असताना आईची परवानगी घेतली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती अमान्य केली. उपचाराचं स्वरूप, पर्याय, मोठे धोके आणि उपचार नाकारल्यास काय होईल, हे सगळं सांगायला हवं, असंही बजावलं.

खुब्याच्या बाबतीत धोक्यांची यादी लांब आहे: जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी, पाय लांडा होणं, पुन्हा शस्त्रक्रिया, काही दिवस बरळणं. मृत्यूचा उल्लेख मात्र बहुतेक जण टाळतात. वर्षभरात साधारण चारांमागे एक रुग्ण दगावतो, हे घरच्यांना आधीच कळलेलं बरं. शस्त्रक्रिया न केल्यास अंथरुणाला खिळणं, बेडसोअर आणि न्यूमोनिया, हेही त्याच बोलण्यात यावं.

सुधारणा फार खर्चिक नाहीत. धोके छापलेलं मराठी संमतिपत्र हवं; घाईत हाताने लिहिताना एखादा राहून जातो. आधी मांडीच्या नसेजवळ बधिरतेचं इंजेक्शन देऊन वेदना कमी करावी, मगच बोलावं. चष्मा आणि श्रवणयंत्र घरून मागवावं (हे हमखास विसरतं). आणि शेवटी आजींनाच विचारावं, ‘आम्ही काय करणार आहोत, तुमच्या शब्दांत सांगाल?’