मुलाच्या कमरेवर हे वळ कसले?

पिंपरीतल्या एका वस्तीत रविवारचा बालसंस्कार वर्ग सुटल्यावर एका आईने आम्हाला बाजूला घेतले. "ताई, पोराच्या कमरेवर आडवे वळ उठलेत. कुणी मारलं असेल का?" मुलगा 14 वर्षांचा, वर्षात दोनदा पँट आखूड झालेली. मार नव्हता, नागीणही नव्हती. तो झपाट्याने उंच होत होता, एवढेच.

वयात येताना उंची एका वर्षात 8-9 सेंटिमीटरही वाढते. त्या वेगाने कातडी ताणली गेली की तिच्या आतल्या थरातले धागे तुटतात आणि वर रेघा दिसतात. बाळंतपणानंतर आईच्या पोटावर असतात, त्याच या खुणा. मुलांना बहुतेक कमरेवर नि पाठीवर, मुलींना मांड्या, नितंब आणि छातीवर येतात. आधी लालसर-जांभळ्या, मग हळूहळू पांढरट. त्या संसर्गाने पसरत नाहीत. पूर्ण जात नाहीत, पण फिकट होतात. त्यासाठी ना ताईत हवा, ना जाहिरातीतले महागडे तेल. मुलगी लाजून शाळेच्या खेळांत उतरत नसेल, तर आईने आपल्या पोटावरच्या रेघा तिला दाखवाव्यात.

आमची खरी काळजी दुसरीच आहे. चाकणच्या कंपनीत घामाने भिजून बाप घरी येतो, जांघेत गजकर्ण होते. मेडिकलवाला एक ट्यूब देतो, चार दिवसांत खाज थांबते. मग तीच ट्यूब पोरगाही लावतो, महिनोन्‌महिने. अशा बऱ्याच ट्यूबमध्ये स्टेरॉइड असते. त्याने कातडी पातळ होते आणि जांघेत, काखेत रुंद जांभळ्या चिरा पडतात. गजकर्ण मात्र आत वाढतच राहते. म्हणूनच केंद्र सरकारने 2018 साली अशी 14 स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती सहज मिळतात. ट्यूबवर बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल हे नाव आहे का, ते शाळेत जाणाऱ्या पोरांकडून वाचून घ्या. जिममध्ये अंग भरायला दिलेल्या गोळ्या-इंजेक्शनांचाही असाच धोका असतो.

उंची थांबली, वजन मात्र भराभर वाढतेय, चेहरा गोल सुजल्यासारखा झालाय आणि पोटावर रुंद जांभळ्या रेघा आल्यात, तर घरी थांबू नका. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर मनाने एकदम बंदही करू नका. पिंपरीत वायसीएम रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. चाकणकडच्यांनी आधी तिथल्या ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. जाताना वापरलेली ट्यूब सोबत न्या, संपलेली असली तरी.